भीती चुकीच्या ट्यूबची

जनरल शिफ्ट सुटली की बोईसरच्या मेडिकल दुकानांत गर्दी होते. त्या गर्दीत थोडा वेळ उभं राहिलं तर दोन प्रकारची माणसं दिसतात. एकाला जांघेत किंवा कमरेला खाज सुटलेली असते. तो दबक्या आवाजात ‘दाद का ट्यूब’ मागतो आणि मिळालेली ट्यूब मागचं अक्षरही न वाचता खिशात टाकतो. दुसऱ्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, पण त्यातली एक गोळी त्याला नको असते. का, म्हणून विचारलं तर तो मोबाइल पुढे करतो : ‘हे बघा, ही गोळी लिव्हर खलास करते.’ पहिला निर्धास्त आहे आणि दुसरा घाबरलाय. बहुतेक वेळा हे उलट असायला हवं.

साइड इफेक्टचे व्हिडिओ खोटे असतात, असं मला म्हणायचं नाही. औषधांचे दुष्परिणाम खरे असतात आणि त्या व्हिडिओंत कॅमेऱ्यासमोर रडणारी मुलगीही बहुधा खरंच रडत असते. अडचण वेगळी आहे. डॉक्टरांनी तपासून, मात्रा ठरवून दिलेल्या औषधाचं नाव चिठ्ठीवर असतं, आणि नाव असलं की ते शोधता येतं. शोधलं की शंभर भीतिदायक व्हिडिओ समोर येतात. काउंटरवरून बिनचिठ्ठीचं घेतलेलं मलम किंवा पार्लरमधून आणलेली बिनलेबलची डबी, यांचं नाव कोणाला ठाऊक असतं? मग शोधणार काय? म्हणून भीती नाव असलेल्या औषधाला चिकटते आणि बिननावाचं औषध मोकळं सुटतं. या लेखात पुढे जे काही सांगायचंय ते एवढ्याच गोष्टीच्या आधाराने.

आधी आपल्या भागाविषयी थोडं. नवापूर हे पालघर तालुक्यातलं किनाऱ्यावरचं, मच्छीमारांचं गाव. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी वाहिनीने इथल्याच समुद्रात सोडलं जातं. या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. गावातली निम्मी घरं समुद्रावर आणि निम्मी कंपनीवर अवलंबून, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. अशा गावात अंगाला खाज सुटली तर कारणं किती असू शकतात बघा : गमबुटात आणि ओल्या पँटीत वाढलेली बुरशी, एका खोलीत दाटीने राहणाऱ्यांत पसरलेली खरूज, कंपनीतला रंग, सॉल्व्हंट किंवा सिमेंट, रबरी हातमोज्यांची ॲलर्जी, खारं पाणी, नाहीतर लहानपणापासूनचं इसब. सांडपाण्यात उतरल्यावर अंग खाजतं अशी तक्रार असेल तर तीही नोंदवायला हवी. पण नोंदवायची डॉक्टरांकडे, अंग दाखवून. दिल्लीत किंवा फ्लोरिडात बसून व्हिडिओ बनवणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो ज्या पुरळाबद्दल बोलतो ते तुमचं पुरळ आहे, हे तुम्हीच गृहीत धरलेलं असतं.

कंपनीत काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. रसायनं आणि रंग यांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाने कायद्याने सूचित आजारांच्या यादीत घातला होता, म्हणजे तो ओळखणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना कळवायचा असे. सुट्टीच्या दिवशी पुरळ कमी होतं आणि सोमवारी परत उठतं, असं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. कुठल्या विभागात काम करता, हातात काय धरता, हेही सांगा. या दोन वाक्यांनी जे निदान होतं ते पन्नास व्हिडिओंनी होत नाही.

आता त्या लिव्हरच्या गोळीकडे येऊ, कारण आपल्याकडे सगळ्यांत जास्त घाबरवणारा व्हिडिओ तोच. गजकर्णासाठी पोटातून दिली जाणारी टर्बिनाफिन ही गोळी यकृताला इजा करू शकते, हे खरं आहे. ती किती जणांना होते, हे मात्र व्हिडिओत सांगितलेलं नसतं. लक्षणं दिसण्याइतकी इजा साधारण ५० हजार ते १ लाख २० हजार चिठ्ठ्यांमागे एखाद्याला होते, असा अंदाज वैद्यकीय संदर्भग्रंथांत दिलेला आहे. ज्याला ती झाली त्याचा व्हिडिओ बनतो. ज्या हजारो जणांचं गजकर्ण गेलं, ते कशाला व्हिडिओ बनवतील? ते कामावर गेले.

औषधाच्या माहितीपत्रकांत दुष्परिणामांच्या प्रमाणाला ठरलेली श्रेणी असते. दहांत एक किंवा त्याहून जास्त लोकांना होतो तो अतिसामान्य, शंभरांत एक ते दहांत एक तो सामान्य, हजारांत एक ते शंभरांत एक तो कधीकधी आढळणारा, दहा हजारांत एक ते हजारांत एक तो दुर्मीळ आणि त्याहूनही कमी तो अतिदुर्मीळ. व्हिडिओ बघताना ‘हे होतं का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘किती जणांना होतं, आणि होऊ लागलं तर आधी काय दिसतं?’ हे विचारा. टर्बिनाफिनपुरतं याचं उत्तर असं : डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, भूक मेली, मळमळ थांबेना, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पूर्वी कावीळ झाली असेल किंवा रोज दारू घेत असाल तर ते गोळी सुरू करण्याआधीच सांगायचं. डॉक्टर रक्त तपासून घेतील. हे सांगायला लाज वाटते म्हणून लोक गप्प राहतात आणि मग व्हिडिओला घाबरतात.

भीतीचाही अंगावर परिणाम होतो, हे इटलीतल्या एका अभ्यासाने दाखवलं. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना फिनास्टेराइड ही गोळी वर्षभर दिली. हीच गोळी कमी मात्रेत टक्कल थांबवण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ देतात. एका गटाला लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात असं सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं नाही. सांगितलेल्या गटात ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली आणि न सांगितलेल्या गटात १५.३ टक्क्यांनी. गोळी तीच, मात्राही तीच. याचा अर्थ डॉक्टरांनी दुष्परिणाम लपवावेत, असा नाही. त्या १५ टक्क्यांना काहीच झालं नव्हतं, असाही नाही. पण गोळी सुरू करण्याच्या आदल्या रात्री ओळीने दहा भीतिदायक व्हिडिओ बघणारा माणूस पहिल्या दिवसापासून अंग चाचपत बसतो, आणि चाचपत बसलेल्याला काहीतरी सापडतंच. व्हिडिओ बघायचेच असतील तर डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर बघा, आणि दिवसा बघा.

आता पहिल्या माणसाच्या खिशातल्या ट्यूबकडे वळू. खरा धोका तिथे आहे.

बिनचिठ्ठीने मिळणाऱ्या खाजेच्या अनेक मलमांत तीन-चार औषधं एकत्र केलेली असतात : बुरशीवरचं एक, जंतूंवरचं एक आणि सोबत तीव्र स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल. स्टेरॉइडमुळे खाज एका रात्रीत थांबते, म्हणून ट्यूब ‘पॉवरफुल’ ठरते आणि मित्राला सुचवली जाते. बुरशी मात्र मरत नाही. स्टेरॉइडने कातडीची प्रतिकारशक्ती दबली की ती आरामात पसरते. चट्ट्याची नेहमीची गोल कड पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. ट्यूब थांबवली की खाज दुपटीने उसळते आणि माणूस परत दुकानात जातो. काही महिन्यांनी जांघेत पोटावरच्या बाळंतखुणांसारखे पांढरट-जांभळट ओरखडे उठतात. ते पुढे फिके होतात, पण पुसले जात नाहीत.

हा प्रकार इतका पसरला की गेल्या दशकभरात गजकर्ण हा साधा आजार राहिला नाही. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव दिलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिच्या न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद जाहीर केली. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे या बुरशीच्या फैलावामागचं एक कारण मानलं जातं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीच्या नियमातून असलेली सवलत काढून घेऊन ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ज्या ३२८ औषधमिश्रणांवर बंदी आली त्यांत क्लोबेटासॉल आणि इतर औषधांची अशी सरमिसळ मलमंही होती. नियम झाले, पण काउंटरवरची सवय तशीच राहिली.

म्हणून पहिलं व्यावहारिक काम : घरात आज पडलेली प्रत्येक ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मोबाइलचा हा उपयोग फारसा कोणी करत नाही. क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बहुतेक नावं ‘सोन’ किंवा ‘सॉल’ने संपतात, पण ‘सॉल’सारखं ऐकू येणारं सगळं स्टेरॉइड नसतं, क्लोट्रिमॅझॉल हे बुरशीचंच औषध आहे. खोक्यावर ‘शेड्यूल एच’चा इशारा असेल तर ते चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. गोरं करणारी म्हणून विकली जाणारी काही मलमं याच जातीतली असतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण वांगावर थोडे आठवडे, देखरेखीखाली वापरायचं असतं. वर्ष-वर्ष फेअरनेस क्रीमसारखं लावलं तर चेहरा पातळ, लाल आणि उन्हात जळजळणारा होतो, गालावर बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, मुरुम येतात.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दीर्घकाळ वापरलेलं स्टेरॉइड मलम अचानक थांबवल्यावर अंग भाजल्यासारखं लाल होतं, सोलतं, झोप लागत नाही, अशा तक्रारी रुग्ण बरीच वर्षं ऑनलाइन सांगत होते आणि पुष्कळ डॉक्टर त्या झटकून टाकत होते. २०२१ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने या तक्रारींची दखल घेऊन इशारा प्रसिद्ध केला. म्हणजे या एका बाबतीत रुग्णांचे व्हिडिओ डॉक्टरांच्या पुढे होते. व्हिडिओ सरसकट कचरा समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण त्याच व्हिडिओंनी दुसरं टोकही गाठलं. सहा महिन्यांच्या बाळाला इसब असतं, डॉक्टर सौम्य स्टेरॉइड पाच-सात दिवसांसाठी देतात आणि आई ते लावत नाही, कारण तिने इंग्लंडमधल्या कोणाचं तरी सोललेलं अंग बघितलेलं असतं. बाळ खाजवून खाजवून रक्त काढतं, जखमांत जंतू शिरतात. सौम्य मलम थोडे दिवस, ठरवलेल्या जागी आणि ठरवलेल्या प्रमाणात लावलं तर सुरक्षित असतं. प्रमाण मोजायची सोपी खूण आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या कातडीला पुरते. क्लोबेटासॉलसारखं तीव्र मलम मात्र सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त किंवा आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. दोन्ही मलमांना लोक ‘स्टेरॉइड’च म्हणतात. आणि महिनोन्‌महिने वापरलेलं तीव्र स्टेरॉइड व्हिडिओ बघून एका रात्रीत बंदही करू नका. ते कसं उतरवायचं हे डॉक्टर ठरवतील.

बिनलेबलच्या डबीची गोष्ट याहून गंभीर. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममधला पारा कारण निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांत एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. २०२४ मध्ये हा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आला. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर कुठल्याही क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग याहून जास्त चालत नाही. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि बॅच क्रमांक नाही, ती पंधरा दिवसांत उजळवते म्हणून चांगली, असं समजू नका. तसं होत असेल तर आधी ती लावणं थांबवा आणि डबी जपून ठेवा, तपासणीला लागेल. लघवीला फेस येणं, सकाळी पापण्या सुजणं, पायांवर सूज ही लक्षणं दिसली तर चेहऱ्याच्या नाही, मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जायचं. गोरं करणाऱ्या ग्लुटाथिओनच्या इंजेक्शनांबद्दल एवढंच : त्वचा उजळवण्यासाठी त्यांना भारतात मान्यता नाही. समुद्रावर, उन्हात काम करणाऱ्या माणसाचा रंग हा आजार आहे, हे कोणी ठरवलं, हा प्रश्न वेगळा.

आता व्हिडिओ बघायचा कसा. ऑक्सफर्डमध्ये १९९० च्या दशकात उपचारांविषयीची माहिती जोखण्यासाठी ‘डिसर्न’ नावाची एक प्रश्नावली तयार झाली. ती छापील माहितीसाठी होती, आज संशोधक तीच यूट्यूबच्या व्हिडिओंना लावतात. तिच्यातलं सार घरगुती भाषेत असं : माहिती कुठून घेतली ते सांगितलंय का? फायदा आणि तोटा दोन्ही सांगितलेत का? दुसरे उपचार कुठले आहेत? आणि काहीच उपचार केला नाही तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साइड इफेक्टच्या व्हिडिओत जवळजवळ कधीच नसतं. मुरुमांच्या गोळीने ओठ फुटतात हे दहा जण सांगतील. गोळी न घेतल्याने चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडू शकतात, हे सांगायला कोणी येत नाही.

मग बोलणारा काय विकतो ते बघा. माझ्या मते हीच सगळ्यांत उपयोगी कसोटी. पहिली चार मिनिटं ॲलोपॅथीच्या औषधाने वाट कशी लागते ते सांगायचं आणि पाचव्या मिनिटाला स्वतःचं तेल, साबण किंवा ‘डिटॉक्स’ काढायचं, असा व्हिडिओ ही जाहिरात असते. समोरचा डॉक्टर असला तरी हे लागू आहे. ऑगस्ट २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने आरोग्यावर बोलणाऱ्या प्रभावकांना आपली पात्रता आणि आर्थिक संबंध उघड करायला सांगितलंय. ते उघड केलेलं नसेल तर तिथेच शंका घ्या. पांढरा कोट कोणालाही मिळतो. प्रसिद्ध डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने चिकटवलेल्या जाहिराती आता सर्रास फिरतात. नाव ऐकलं की महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत ते आहे का, हे संकेतस्थळावर दोन मिनिटांत बघता येतं. कोड पूर्ण बरं करण्याची हमी देणारी जाहिरात तर १९५४ च्या चमत्कारी उपाय कायद्याखालीच येते.

आणखी एक गोष्ट परदेशी व्हिडिओंत सुटते. त्यांत पुरळ लालभडक दिसतं. आपल्या सावळ्या कातडीवर तोच दाह जांभळट, करडा किंवा नुसता काळपट दिसतो. त्यामुळे ‘मला तसं लाल झालेलं नाही’ म्हणून खरी ॲलर्जी दुर्लक्षित राहते. उलट मुरुम गेल्यावर मागे राहिलेला काळा डाग ‘औषधाने काळं पडलं’ म्हणून औषधाच्या माथी मारला जातो. तो डाग दाहाचा असतो, महिन्यांनी फिका होतो, आणि ऊन टाळलं तर लवकर.

असे गैरसमज पुष्कळ. खरजेवर परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायांपर्यंत रात्रभर लावतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. तो दुष्परिणाम नाही आणि औषध फसल्याची खूणही नाही. मात्र खोलीत सहा जण राहत असतील तर सहाही जणांनी एकाच रात्री लावायला हवं, नाहीतर खरूज फिरून येते आणि दोष मलमाला मिळतो. मुरुमांवरच्या रेटिनॉइडने पहिले काही आठवडे चेहरा सुकतो, सोलतो, कधी मुरुम वाढल्यासारखे वाटतात; याच टप्प्यावर बहुतेक जण कॅमेरा सुरू करतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीने ओठ जवळजवळ सगळ्यांचे कोरडे पडतात, त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला : ही गोळी घेताना आणि ती थांबवल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. ही गोष्ट लग्न ठरलेल्या मुलीला स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे, लाजेचं कारण नाही. सोरायसिसवर दिली जाणारी मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरांकडून वार लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘फक्त सोमवारी’. या गोळीच्या नावाने फिरणाऱ्या भयकथा बघाल तेव्हा आधी विचारा, तो माणूस ती रोज तर घेत नव्हता?

काही वेळा व्हिडिओ शोधत बसायला वेळच नसतो. नवं औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप, तोंडात-ओठांवर फोड, डोळे लाल, कातडी दुखणं आणि सुटणं, यांतलं काहीही एकत्र दिसलं तर औषध थांबवा आणि रुग्णालयात जा. फिटची, युरिक ॲसिडची आणि सल्फाची काही औषधं यासाठी कुप्रसिद्ध आहेत. चेहरा-जीभ सुजली, घसा आवळला, श्वास लागला तर १०८. कंपनीत अंगावर रसायन उडालं तर कपडे काढून किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली राहा. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. रसायनाचं नाव असलेलं लेबल किंवा त्याचा फोटो रुग्णालयात सोबत न्या.

डॉक्टरकडे जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं, काढे, तेलं एका पिशवीत घालून न्या. पुरळाचा फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढा, फिल्टर बंद ठेवा आणि तारीख राहू द्या. घाबरवणारा व्हिडिओ बघितला असेल तर तोही दाखवा. ‘हे माझ्याबाबतीत किती लागू आहे?’ असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही. चिडला तर दुसरा शोधा. मुंबईला जायचं तर नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचाविभागाची ओपीडी आहे, आणि नायरला पश्चिम रेल्वेने जाऊन मुंबई सेंट्रलला उतरता येतं. आधी घरबसल्या विचारायचं असेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर मोफत सल्ला मिळतो.

शेवटी, दुष्परिणाम झालाच तर तो नुसता व्हिडिओत सांगून उपयोग नाही. २०१० पासून देशात औषधसतर्कता कार्यक्रम सुरू आहे आणि त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. रुग्ण स्वतः तिथे तक्रार नोंदवू शकतो, डॉक्टरची सही लागत नाही, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणारं दुकान किंवा बिनलेबलची क्रीम यांची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर करता येते. दोन्ही क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवा, आणि दुकानात पुढच्या वेळी ‘खाजेचं काहीतरी द्या’ असं म्हणू नका.